पट्टीचा फळा उतरवा, मग पायाचं बोलू

हे पत्र जालना-बीड पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलं आहे. लिहिणारे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत आणि आपल्या कॅथलिक पॅरिशच्या (एका चर्चच्या मंडळीच्या) कौन्सिलचे खजिनदार. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं:

"ताई, आमच्या पॅरिशमध्ये हे गाव आणि आसपासची नऊ खेडी मिळून ११८ घरं आहेत. चर्च आहे, पण चार माणसं बसवायला दुसरी जागा नाही. लग्न, मयतीनंतरचं जेवण, लेकरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, सगळं चर्चच्या ओट्यावर, नाहीतर ताडपत्रीखाली. दोन वर्षांपूर्वी नवे फादर आले, त्यांनी सभागृहाचं मनावर घेतलं. दोन मजले, ४,००० चौरस फूट, ८४ लाखांचं अंदाजपत्रक. आमचा धर्मप्रांत (बिशपांच्या हाताखालचा भाग) १९७७ चा, म्हणजे २०२७ ला पन्नास वर्षं होतात. तोवर उद्घाटन व्हावं असा सगळ्यांचा आग्रह. कौन्सिलनं दर घरामागं २५,००० रुपये पट्टी लावली. आजवर ४१ घरांकडून ६ लाख ४० हजार आले. चर्चच्या दाराशी फळा लावलाय. पूर्ण भरणाऱ्यांपुढं हिरवी खूण, बाकीच्यांपुढं लाल खडूनं उरलेली रक्कम.

माझा धाकटा भाऊ ऊसतोडीला जातो. एप्रिलमध्ये परतला, मिस्सेला (चर्चच्या उपासनेला) गेला, तर दारातच कुणीतरी म्हणालं, 'तुमची पट्टी राहिली बरं का.' तेव्हापासून तो चर्चला आलेला नाही. मिशनच्या आवारातली विहीर ज्यानं एक रुपया न घेता खोदली, तो!

आता गावातले एक गुत्तेदार (कंत्राटदार) २० लाख द्यायला तयार आहेत. आमच्यातले नाहीत, पण संबंध चांगले. नगरपरिषदेला उभे राहणार आहेत. अट एकच, सभागृहाला त्यांच्या वडिलांचं नाव. काहीजण म्हणतात, घ्या. काहीजण म्हणतात, तिघाचौघांच्या नावावर पतसंस्थेतून कर्ज काढू. जुनी माणसं म्हणतात, पूर्वी बाहेरून पैसा यायचा, आताचे फादरच प्रयत्न करत नाहीत. पुढच्या महिन्यात मिस्सेनंतर मी बाकीदारांची नावं वाचावीत असं ठरलंय. मला ते जमणार नाही. राजीनामा देऊ, की लोक देत नाहीत म्हणून काम थांबवा म्हणू?"

गुरुजी, नमस्कार.

राजीनामा देऊ नका. नावं वाचू नका. आणि माझं बाकीचं उत्तर पटो न पटो, दाराशी टांगलेला तो फळा आजच उतरवून घ्या. कौन्सिलनं विचारलं तर सांगा, हिशेब पुन्हा मांडायचाय. ते खोटंही नाही, खरोखरच मांडायचाय.

मी कॅथलिक नाही हे आधीच सांगते. आमचं घर माळकऱ्यांचं. पण नोकरीची सगळी वर्षं विश्वस्त संस्थांचे हिशेब तपासण्यात गेली. देवळं, मशिदी, बौद्ध विहार, शाळा, दोन-तीन चर्चसुद्धा. वर्गणीनं काढलेलं बांधकाम कुठं अडतं हे इतक्यांदा पाहिलंय, की तुमचं पत्र वाचताना आमच्या गावच्या मारुतीचा सभामंडपच डोळ्यापुढं आला. तिथंही पट्टीच होती. आपल्याकडं सप्त्याला पट्टी, जत्रेला पट्टी, तशी सभामंडपालाही. एकरी लावली होती. पहिल्या वर्षी बारा कॉलम उभे राहिले, दुसऱ्या वर्षी दुष्काळ पडला. पुढं अकरा वर्षं त्या कॉलमांच्या वरच्या सळया उघड्या होत्या. गंज उतरून सिमेंटवर तांबडे ओघळ आले होते आणि पुजाऱ्याची सून त्या सळयांना दोरी बांधून धोतरं वाळत घालायची. ज्यांनी पट्टी भरली नव्हती त्यांची नावं मात्र त्या अकरा वर्षांत कुणी विसरलं नाही.

आता तुमचा हिशेब. तुम्ही गणित शिकवता, त्यामुळं हे तुमच्या नजरेतून कसं सुटलं याचं मला नवल वाटलं. कदाचित सुटलं नसेल, बोलायचं धाडस झालं नसेल. ११८ घरांनी, एकही न चुकता, पंचवीस-पंचवीस हजार भरले तरी २९ लाख ५० हजार होतात. गुत्तेदारांचे २० लाख मिळवले तरी ४९ लाख ५० हजार. अंदाजपत्रक ८४ लाखांचं. उरलेले साडेचौतीस लाख कुठून येणार होते? तुम्ही सोबत जोडलेल्या कागदात चौरस फुटाला २,१०० रुपये दर धरलाय. त्यात शौचालयं, बोअर, वीजजोडणी, कंपाउंड, खुर्च्या, इंजिनिअरची फी कुठं दिसली नाही. म्हणजे ज्या पट्टीपायी भाऊ घरी बसला, ती शंभर टक्के वसूल झाली असती तरी इमारतीचा एक तृतीयांश, फार तर त्याहून वीतभर जास्त भाग उभा राहिला असता. 'लोक देत नाहीत म्हणून काम अडलंय' हे वाक्य या आकड्यांपुढं टिकत नाही. लोकांनी दिलं असतं तरी ते अडणारच होतं.

आणि लोक देत नाहीत, हे तरी खरं का? फळ्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. १९ घरांपुढं हिरवी खूण आहे, म्हणजे त्यांचे ४ लाख ७५ हजार. राहिलेले १ लाख ६५ हजार २२ घरांनी दिलेत, घरामागं सरासरी साडेसात हजार. या बावीसांना तुम्ही लाल खडूत टाकलंय. त्यातल्या एका नावापुढं २३,९०० लिहिलंय. मी वजाबाकी केली. त्या घरानं ११०० रुपये दिलेत. ते ११०० फळ्यावर कुठंच नाहीत, फक्त न दिलेले दिसतात. देवळाच्या पेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट तुमच्या शुभवर्तमानात आहे, तुम्ही ती लेकरांना सांगितलीही असेल. तिच्या नावापुढं बाकी किती ते कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही.

सारखी पट्टी म्हणजे न्याय, ही समजूत आपल्याकडं फार घट्ट आहे. कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून सगळ्यांना एकच आकडा. पण तुमचा पगार दर महिन्याला बँकेत येतो आणि भावाचा पैसा वर्षातून एकदा, तोही आधी अंगावर. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल देतो, नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, कारखान्यावर जातो आणि मार्च-एप्रिलपर्यंत ती उचल फेडत ऊस तोडतो. घरात तो पैसा दिसतो तेव्हा तो कमाई नसतो, कर्ज असतो. त्यातून पंचवीस हजार काढून चर्चला द्यायचे म्हणजे पुढच्या वर्षीचा पाठीचा कणा आज विकायचा. तुम्हाला २५ हजार जड जातील, त्याला ते भरताच येणार नाहीत. बाकीच्या खेड्यांतल्या घरांचा पैसाही असाच हंगामानं येतो: सोयाबीन विकलं की, कापसाची पहिली वेचणी झाली की, पोरगं वाळूजच्या कंपनीत लागलं की. महिन्याच्या पहिल्या रविवारी हप्ता मागणं ही पगारदारांची सोय आहे.

म्हणून पट्टीऐवजी माझी सूचना अशी. सुगीला मागा आणि धान्यातही घ्या. पायलीभर तूर, सोयाबीनचा एखादा कट्टा, कोंबडी, जे असेल ते. ग्रामीण मंडळ्यांमध्ये हंगामाचा सण करून आणलेल्या जिनसांचा चर्चच्या अंगणात लिलाव करायची पद्धत आहे. तुमच्याकडं ती मोडली असेल तर पुन्हा सुरू करा. त्यात गंमत असते, बोली चढते, नोकरदार माणूस चारशेची कोंबडी दोन हजाराला घेतो आणि कुणाचाही चेहरा पडत नाही. पावतीवर 'तूर, ४ पायली' असंच लिहा. आणि श्रम घ्या, पण मोजून. एखाद्या घरानं आठ दिवस खोदकाम केलं तर त्या दिवसांची चालू मजुरी धरून तेवढ्याची नोंद वहीत करा. फुकट काम म्हणून विसरू नका. एक विहीर तशी विसरली गेलीये.

नावांच्या फळ्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी कौन्सिलमध्ये मोठ्यानं बोलता येणार नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात ख्रिस्ती झालेल्या माणसाला तो दर्जा राहत नाही. पुढं १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. तुमच्या पॅरिशमध्ये अशी घरं असतील, जिथं एका भावाचे कागद एक सांगतात आणि रविवार दुसरं. एकाच घरात दोन-दोन परंपराही असतात. त्यांनी काय करावं हे सांगायला मी बसलेली नाही. एवढंच सांगते, की देणाऱ्यांची यादी रंगवून दाराशी लावताना आपण कुणाच्या घरात काय ढवळतोय याचा विचार खजिनदारानं करायला हवा. पावती ज्याची त्याला द्या. चर्चमध्ये फक्त बेरीज वाचा.

गुत्तेदारांच्या वीस लाखांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. तुमच्या १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणं, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणं, अट घातलेली देणगी घ्यायची असेल तर बिशपांची परवानगी लागते, ती कौन्सिलनं आपापसात ठरवायची गोष्ट नाही. तेव्हा 'आम्हाला अधिकार नाही' हे उत्तर तुमच्याकडं तयार आहे, खरं आहे आणि कुणालाही न दुखावणारं आहे. रोख देतो म्हणाले तर तोही मार्ग बंद: एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. निवडणुकीला उभा राहणारा माणूस वडिलांच्या नावाची पाटी आज मागतोय. उद्या हरला तर ती पाटी तुमच्या अंगणात कुणाची म्हणून उभी राहील? आणि जिंकला तर? पण दारातून परतही पाठवू नका. त्यांच्याकडं जेसीबी असेल, टिपर असतील. 'पायाच्या खोदाईला दोन दिवस मशीन द्या, डिझेल आमचं' एवढं मागून बघा. पाटीविना जे देतील ते त्यांचं खरं देणं समजा. कुणी 'खासदार निधीतून करून देतो' म्हणालं तर हसून चहा पाजा. धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जागेवर त्या निधीतून काम करता येत नाही.

कर्ज नको. तिघाचौघांच्या नावावर तर नकोच नको. विश्वस्त संस्थेला पतसंस्थेतून कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, ती टाळण्यासाठीच ही 'आपल्या नावावर काढू' युक्ती निघते, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. मग एकजण वारतो, एकाची बदली होते आणि तिसऱ्याच्या घरी जप्तीची नोटीस येते. शिवाय आपल्या भागात पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांनी गेल्या काही वर्षांत लोकांच्या ठेवींचं काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. जमलेले ६ लाख ४० हजार कुठं ठेवलेत हे पत्रात नाही. जास्त व्याजाच्या मोहानं तिकडं ठेवले असतील तर आधी ते काढा.

आता बाहेरचा पैसा. जुनी माणसं खोटं बोलत नाहीत. मराठवाड्यात तुमच्या चर्चचं काम घोगरगावला सुरू झालं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सहून आलेल्या फादरांमुळं. शाळा, बोर्डिंग, दवाखाने बराच काळ तिकडच्या माणसांच्या देणग्यांवर चालले. पण ते दिवस संपले, आणि त्यात तुमच्या फादरांचा आळस नाही. परदेशी देणगीचा २०१० चा कायदा, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, तो २०२० मध्ये आणखी आवळला गेला. नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच अशी देणगी घेता येते, ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा व्हावी लागते आणि एका संस्थेला मिळालेला असा पैसा दुसऱ्या संस्थेकडं वळवता येत नाही. फादरांनी ओळखीच्या कुणाला तिकडं पत्र लिहिलं आणि मनीऑर्डर आली, असं आता होत नाही.

यात एक दार मात्र उघडं आहे आणि बऱ्याच पॅरिशना ते ठाऊक नसतं. तुमच्या पॅरिशच्या मुली नर्स होऊन आखातात गेल्या असतील. त्या अजून भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या पगारातून, नेहमीच्या बँकेच्या मार्गानं पैसे पाठवत असतील, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याची मात्र धरली जाते, मग तो तुमचा सख्खा पुतण्या का असेना. विचारून, पासपोर्टची प्रत ठेवून घ्या. आणि मिशनच्या शाळेतून, बोर्डिंगमधून शिकून गेलेल्यांना विसरू नका. त्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत. बोर्डिंगच्या पातळ वरणाची आठवण काढून डोळ्यात पाणी आणणारा एक तहसीलदार मी स्वतः पाहिलाय. अशा माणसांना आजवर कुणी मागितलंच नसतं. फक्त '८०-जीची पावती देऊ', म्हणजे प्राप्तिकरात सवलत मिळेल, असं वचन देऊ नका. धार्मिक कामासाठीच्या संस्थेला ती सवलत सहसा नसते, आणि धर्मप्रांताच्या समाजकार्य संस्थेच्या पावतीपुस्तकावर सभागृहाचे पैसे घेण्याची शक्कल कुणी सुचवली तर तिथंच थांबवा. लेखापरीक्षणात ते पहिलं सापडतं.

हे सगळं पैशाचं झालं. खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही: ४,००० चौरस फूट कशाला?

घरचं कॅलेंडर घ्या आणि गेल्या वर्षभरात ताडपत्री कोणकोणत्या दिवशी बांधली ते त्यावर खुणा करून बघा. लग्नं किती, मयती किती, सण किती. तुम्हीच लिहिलंय की मोठ्या सणाला सहाशे माणूस येतो. वर्षातून दोनदा येणाऱ्या सहाशे माणसांसाठी दोन मजले बांधायचे, की दर रविवारी येणाऱ्या पन्नास लेकरांसाठी एक चांगली खोली? सहाशे माणसांना मांडवच बरा. मांडव गोळा करून ठेवता येतो, सभागृहाचं वीजबिल दर महिन्याला येतं.

आणि बायकांना विचारलंत का? तुमच्या पत्रात फादर आहेत, कौन्सिल आहे, जुनी माणसं आहेत, गुत्तेदार आहेत. सणाच्या दिवशी नऊ खेड्यांतून टेम्पोत बसून आलेल्या बायका सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत कुठं जातात? वेड्या बाभळीच्या आडोशाला. पाचशे माणसांचा भात शिजवणाऱ्या बायका पावसात ताडपत्रीचा कोपरा एका हातानं धरून दुसऱ्या हातानं पळी फिरवतात. त्यांना विचारलंत तर त्या सभागृह म्हणणार नाहीत. चार संडास, पाण्याची टाकी आणि चुलीवर पक्कं छप्पर म्हणतील. एवढ्या कामाला तुमच्याकडं आज पैसा आहे! फक्त एक काळजी घ्या. कॅनन लॉ असंही सांगतो, की ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामाला ते वापरायचं. तेव्हा 'आराखड्याचा पहिला टप्पा म्हणून हे करतोय' असं देणाऱ्यांना सांगून, त्यांची संमती घेऊन करा. कुणी पैसे परत मागितले तर परत द्या, तोंड वाकडं न करता.

त्यानंतर सभागृह. माझ्या मते एकच मजला, १,६०० चौरस फूट. तुमच्याच दरानं ३३ लाख ६० हजार, आणि ते तीन-चार सुगीत जमू शकतात. २०२७ चा हट्ट सोडा. धर्मप्रांताचा सुवर्णमहोत्सव तुमच्या पायाभरणीनंही साजरा होईल, त्यासाठी फीत कापायलाच हवी असं कुणी सांगितलंय? वरचा मजला पुढच्या पिढीला चढवायचा असेल तर पाया आणि कॉलम आजच त्या वजनाचे धरावे लागतील, ते इंजिनिअरकडून लिहून घ्या. सळया उघड्या सोडू नका. पत्र्याचं छप्पर स्वस्त पडतं, पण मे महिन्यात पत्र्याखाली लग्न लावून बघा एकदा, नवरदेव भोवळ येऊन पडेल. पत्राच घालायचा तर भिंती उंच घ्या आणि वरून हवा जायला झरोके ठेवा.

पायावर मात्र कंजूषपणा नको, आपल्या मातीत तर मुळीच नको. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच पाया टेकवला तर तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. काळी संपून मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, आणि तो पाच फुटांवर लागतो की बारा फुटांवर यावर तुमचं अर्धं अंदाजपत्रक वरखाली होतं. ८४ लाखांचा आकडा काढणाऱ्यानं खड्डा घेऊन पाहिला होता का? कागदावर तरी तसं दिसत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात भूकंपात झोपेतली माणसं दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली गेली. त्यानंतर या भागात माणसं जमवणारी इमारत बांधताना जोत्याला, खिडक्यांच्या वर आणि छताखाली आरसीसीचे पट्टे घ्यायचे की नाही, ही चर्चाच व्हायला नको. हा खर्च दिसत नाही, म्हणून पहिला कापला जातो.

कागदपत्रांचं थोडक्यात. सातबारा कुणाच्या नावावर आहे ते पाहा. बहुतेक धर्मप्रांताच्या विश्वस्त संस्थेच्या असेल, म्हणजे अर्ज तिकडून जायला हवा. जागा अकृषिक झालीये का, नकाशा मंजूर आहे का, बिशपांची लेखी परवानगी आहे का. कॅनन लॉप्रमाणं प्रत्येक पॅरिशला वित्त समिती असावीच लागते. तुमच्याकडं ती फक्त कागदावर असेल तर आता तिला कामाला लावा, आणि तिच्यात दोन बायका घ्या. राष्ट्रीयीकृत बँकेत वेगळं खातं, दोन सह्या, आणि दर तीन महिन्यांनी मिस्सेनंतर पाच मिनिटं: एवढे आले, एवढे गेले, एवढे शिल्लक. देणगीदारांचा हिशेब ऐकण्याचा हक्कही तुमच्या कायद्यात लिहिलेला आहे.

मिस्सेनंतर तुम्ही उभे राहणारच आहात, तर बाकीदारांच्या नावांऐवजी हे आकडे वाचा. २९ लाख ५० हजार, ८४ लाख, मधली तफावत. मग सांगा, की ही पट्टी खजिनदार म्हणून मीही लावली होती, ती चुकीची होती, आणि ज्याला दारात कुणी काही बोललं असेल त्याची मी माफी मागतो. फादरांना मात्र आदल्या दिवशी घरी जाऊन सगळं दाखवा. माणूस सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकतो तेव्हा ऐकत नाही, बचाव करतो. फादर वाईट आहेत असं मला पत्रातून वाटलं नाही. नवीन आहेत, उत्साही आहेत आणि बहुधा त्यांना आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

राहिला भाऊ. त्याला निरोप पाठवू नका, 'फळा काढलाय, आता ये' असा तर नकोच. स्वतः जा. दसऱ्याच्या आत जा, कारण एकदा उचल घेतली की तो ट्रॅक्टरमध्ये बसून निघून जाईल आणि गाठ पडेल ती एप्रिलमध्ये. पट्टीचं नाव काढू नका. माफी मागायची असेल तर ती जेवण झाल्यावर, एका वाक्यात. त्याआधी त्याला विचारा, मिशनची विहीर खोदताना काळी किती फुटांवर संपली आणि मुरूम कुठं लागला. पॅरिशमध्ये हे ठाऊक असलेला तो एकटाच माणूस असेल. इंजिनिअर खड्डा घ्यायला येईल त्या दिवशी त्याला सोबत घेऊन जा.